अजून किती पूर आक्काच्या फोनवर काढायचे? जलसंपदामंत्र्यांना खुलं पत्र

मा. जलसंपदामंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

साहेब, नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातली, कृष्णाकाठच्या एका गावातली. घरी थोडा ऊस आणि जनावरं, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, असं आमचं चालतं. माझी थोरली बहीण, आक्का, कर्नाटकात उगारच्या बाजूला दिलेली आहे, तीही नदीकाठीच, आमच्यापासून खाली. आणि मामाचा मुलगा कराडजवळ, म्हणजे वर. हे पहिल्यांदाच सांगते कारण पूर आला की आमची सगळी यंत्रणा म्हणजे हे दोन फोन नंबर, दादा वरनं सांगतो पाणी किती वाढलंय आणि आक्का खालनं सांगते पाणी पुढं सरकतंय का तटलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री अडीचच्या सुमाराला आक्काचा फोन आला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. म्हणाली, "अगं इथलं पाणी काल सांजेपासनं बोटभरपण उतरलं नाही, उलट चढतंय, तुमच्याकडं वरनं अजून यायचंय म्हणतात, तू जनावरं सोड." त्याच्या तासभर आधी मी एका सरकारी कंट्रोल रूमला फोन लावला होता, तिथल्या पोरानं बिचाऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ताई, आपल्या धरणांचा विसर्ग सांगू शकतो, कर्नाटकातलं आमच्याकडं काही नाही. त्या पोराची चूक मी म्हणतच नाही, त्याच्यासमोर तो आकडाच नव्हता तर तो देणार कुठनं. पण आक्काकडं होता. घाटाच्या पायऱ्या मोजून काढलेला, बॅटरीच्या उजेडात.

आम्ही दावी कापली आणि कंबरभर पाण्यातनं जनावरं बाहेर काढली. सात निघाली. दोन राहिली, त्यातली एक गाभण म्हैस होती. गोठ्याच्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांनी २००५ च्या पुराची रेघ विटेच्या तुकड्यानं ओढून ठेवली होती, २०१९ चं पाणी तिच्या बरंच वर गेलं, मग आम्ही दुसरी रेघ ओढली. २०२१ च्या जुलैत परत आलं, तिसरी रेघ. आता जागा आहे अजून भिंतीवर, पण ओढायची इच्छा नाही साहेब.

सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मला बोलायचंय ते पूर आल्यावर जी भांडणं होतात त्याबद्दल. इकडं चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच वाक्य, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी सोडलं नाही म्हणून आम्ही बुडालो. आणि आक्काच्या गावात काय म्हणतात माहितीये का, महाराष्ट्रानं कोयनेचे दरवाजे एकदम उघडले म्हणून आम्ही बुडालो. दोन्हीकडं घरं पडलेली, दोन्हीकडं ऊस कुजलेला, दोन्हीकडं पंचनाम्याची वाट बघत बसलेली माणसं, आणि बोट मात्र एकमेकांकडं. दाजी आणि माझे मिस्टर यावरून एकदा इतके हमरीतुमरीवर आले की दिवाळीला येणं-जाणं बंद झालं होतं.

२०१९ च्या पुरानंतर सरकारनंच वडनेरे समिती नेमली, तिनं सांगितलं की त्या पुराला अलमट्टी कारण नाही, थोड्या दिवसांत झालेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूररेषेतली बांधकामं वगैरे कारणं आहेत. आमच्याकडं हे पटत नाही बऱ्याच लोकांना, अभ्यास करणारी काही माणसंही कर्नाटकातलं हिप्परगी बॅरेज आणि अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे तिथं अडलेलं पाणी मागं आपल्याकडं चढत येतं, असा मुद्दा मांडतातच. मी इंजिनिअर नाही, यातलं कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. पण मला एवढं कळतं की दोन्ही राज्यांचे इंजिनिअर एकाच टेबलावर, एकच आकडे पुढं ठेवून बसले असते तर हा वाद इतकी वर्षं चाललाच नसता. आपला आकडा वेगळा, त्यांचा वेगळा, आणि लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा तर ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर.

त्या वेळी शेवटी काय झालं आठवा. आपल्या मुख्यमंत्र्यांनी त्यांच्या मुख्यमंत्र्यांना फोन केला, मग अलमट्टीचा विसर्ग वाढवून पाच लाख क्युसेकच्या वर नेला. चांगलं झालं, मी त्याबद्दल दोघांचे आभारच मानते. पण धरणाचे दरवाजे किती उघडायचे यासाठी मुख्यमंत्र्यांनी मुख्यमंत्र्यांना फोन करायची वेळ यावी, तेही सांगली पाण्यात असताना, हे बरोबर आहे का? २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे आपले जलसंपदामंत्री बंगळुरूला जाऊन कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना भेटले, माहिती वेळेत एकमेकांना द्यायची, समन्वय ठेवायचा असं ठरलं. त्या जुलैतला पूरही मोठाच होता पण निदान बोलणं तरी आधी झालं होतं, हे आमच्यासारख्यांना फार वाटलं. अडचण ही आहे की हे सगळं माणसांवर अवलंबून आहे. मंत्री बदलला, अधिकारी बदली होऊन गेला, की दरवर्षी मे महिन्यात पहिल्यापासून सुरुवात.

आता मी तुम्हाला लांबची गोष्ट सांगते, कंटाळू नका. माझा भाचा जर्मनीत कोलोनला नोकरी करतो. ऱ्हाईन नदी त्यांच्या शहरातनं जाते, तिच्या काठावर एक मनोरा आहे आणि त्याच्यावर घड्याळासारखी तबकडी, ती वेळ सांगत नाही तर नदीची पातळी सांगते. पाणी ८ मीटर ३० सेंटिमीटरला टेकलं की जहाजं बंद, हे तिथल्या लोकांना पाठ असतं. त्यानं फोटो पाठवला तेव्हा मला आपला आयर्विन पूलच आठवला, सांगलीतलं बारकं पोरगंसुद्धा पावसाळ्यात "आज किती फूट" विचारतं तसंच. मग मी त्याच्या मागं लागून त्या नदीची सगळी माहिती काढायला लावली, रात्री जेवणं झाली की व्हॉट्सअॅपवर आमची शाळा.

ही नदी स्वित्झर्लंडमध्ये उगम पावते, फ्रान्स-जर्मनीतनं जाते आणि नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. लांबीला आपल्या कृष्णेपेक्षा थोडी कमीच. आणि यातले फ्रान्स-जर्मनी कसे, तर एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेले. दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं आणि १९५० ला या देशांनी ऱ्हाईनसाठी एक आयोग बसवला. म्हणजे पाचच वर्षांत. ज्यांची शहरं युद्धात बॉम्बनं जमीनदोस्त झाली होती ते देश नदीच्या पाण्याचे नमुने घेऊन एका खोलीत बसले, आणि साहेब, आपण तर एकाच देशातली दोन राज्यं, एकाच विठोबाला जाणारी माणसं.

त्यांचंही लगेच जमलं असं नाही. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडायच्या, खाली नेदरलँड्समध्ये ते पाणी फुलं-भाजीपाला पिकवणाऱ्या लोकांच्या ग्रीनहाउसला जायचं आणि पीक खराब व्हायचं. अगदी आपल्या पंचगंगेच्या मळीसारखंच. शेतकरी कोर्टात गेले. देशांमध्ये १९७६ ला करार झाला, तो लागू व्हायला १९८५ उजाडलं. आणि त्यातली एक गोष्ट मला फार वेळ पटेना. मीठ बंद करायचा जो खर्च होता त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३४ टक्के, नेदरलँड्सनं उचलला. ज्याचं नुकसान होतं त्यानंच! फ्रान्स ३०, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६. मी भाच्याला म्हटलं हा कुठला न्याय, आमच्याकडं असं केलं तर लोक मंत्र्याला गावात येऊ देणार नाहीत. तो म्हणाला, मावशी, त्यांनी हिशोब असा केला की कोर्टात जिंकून वीस वर्षांनी गोडं पाणी मिळण्यापेक्षा थोडे पैसे घालून आधी मिळालेलं परवडतं. मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही खरं सांगते, पण ज्याला तातडी आहे त्यानं एक पाऊल आधी टाकावं यात काहीतरी आहे एवढं मान्य केलं.

मग १९८६. १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटर मासे मरत गेले, ईल मासे तर लाखाच्या वर. आणि खालच्या देशांना वेळेत नीट कळवलं गेलं नाही. इथं मी थांबले. वर काय झालं ते खाली वेळेत कळलं नाही. म्हणजे आमचंच की.

पण त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ ला, सगळे मंत्री एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की २००० सालापर्यंत या नदीत सामन मासा परत आला पाहिजे. कायद्यानं बांधणारा करार नव्हता तो, कुणी पाळला नाही तर शिक्षा नव्हती. पण प्रत्येकानं काय केलं ते सगळ्यांसमोर मांडायचं होतं, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालायला कुणालाच आवडत नाही. सामन परत आला. नदीकाठी इशारा केंद्रं झाली, कुठंही काही सांडलं की वरच्यानं खालच्याला लगेच कळवायचं, कोण कुणाला, कुठल्या भाषेत, सगळं लिहून ठेवलेलं.

पुराचंही तसंच. १९९३ च्या नाताळात आणि १९९५ च्या जानेवारीत मोठे पूर आले, १९९५ ला नेदरलँड्समध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसं घरातनं हलवावी लागली. १९९८ ला या देशांनी पुराचा एकत्र आराखडा केला, त्यात एक उद्दिष्ट असं की पुराचा अंदाज पूर्वी जितका आधी कळायचा त्याच्या दुप्पट वेळ आधी कळला पाहिजे, आणि ते २००५ पर्यंत करून दाखवलं. दुप्पट वेळ! मला नुसता अर्धा दिवस जास्त मिळाला असता तर ती गाभण म्हैस आज असती.

आणि अजून एक, या आयोगाचं ऑफिस जर्मनीत कोब्लेन्झला आहे पण त्याचा सचिव नेमताना परंपरेनं माणूस नेदरलँड्सचा घेतात, म्हणजे सगळ्यात खालच्या देशाचा. कारण वरचा काय करतो याची काळजी खालच्याला जास्त. हे मला इतकं आवडलं की मी आक्काला मुद्दाम फोन करून सांगितलं.

सगळं गोडगोड सांगतेय असं नाही. २०२१ च्या जुलैत, आपल्याकडं पूर आला त्याच्या आठवडाभर आधी, ऱ्हाईनची एक उपनदी आहे आहर, तिच्या खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली. हवामानाचा इशारा होता, तो घराघरात वेळेत आणि कळेल असा पोचला नाही. म्हणून मी जे मागणार आहे त्यात हेही आहे की आकडा नुसता ऑफिसात येऊन उपयोग नाही.

लोक म्हणतील तो युरोप आहे, त्यांच्याकडं पैसा आहे. तर मग आपल्या कृष्णेचंच बघू. तुंगभद्रा ही कृष्णेचीच उपनदी. तिच्या धरणावर पन्नासच्या दशकापासून तुंगभद्रा बोर्ड आहे, ज्यात कर्नाटक आणि आंध्र एकत्र बसतात, आता तेलंगणाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या धरणाचा १९ नंबरचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला. धरण भरलेलं, खाली तीन राज्यांची शेती, आणि वाहत्या पाण्यात, सगळ्यांनी मिळून, आठवडाभरात तिथं तात्पुरता दरवाजा बसवून पाणी अडवलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की हा दरवाजा कुणाच्या राज्याचा. आणि खाली आंध्र-तेलंगणासाठी २०१४ च्या पुनर्रचना कायद्यानं कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ केलेलं आहे. म्हणजे कृष्णेच्या खालच्या टोकाला मंडळ, उपनदीला मंडळ, आणि जिथं दर दोन-चार वर्षांनी माणसं छपरावर बसतात त्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव-बागलकोटच्या पट्ट्याला काहीच नाही. नदी मंडळांचा केंद्राचा कायदा १९५६ चा आहे, आणि त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ प्रत्यक्ष उभं राहिलेलं नाही.

गोव्याबरोबर आपण तिळारी धरण केलंच ना, खर्च वाटून, पाणी वाटून? बाकी वाद असले तरी कालव्याला पाणी येतं. उन्हाळ्यात कर्नाटकनं मागितलं की आपण कोयना-वारणेतनं पाणी दिलेलं आहे, आक्काच्या गावाला एका एप्रिलमध्ये ते पाणी आलं तेव्हा तिनं मला फोन करून "तुमचं पाणी आलं गं" असं सांगितलं होतं, रडायलाच आलं होतं तिला, विहिरी आटलेल्या होत्या. जतच्या पूर्व भागातल्या लोकांना कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेतनं पाणी मिळावं आणि बदल्यात आपण कोयनेतनं द्यावं ही बोलणी किती वर्षं ऐकतोय. मे महिन्यात पाणी देणारे-घेणारे आपण ऑगस्टमध्ये एकदम शत्रू कसे होतो?

भारत सरकारचा चीनबरोबर २००२ पासून २०२३ पर्यंत करार होता, ब्रह्मपुत्रेची पावसाळ्यातली आकडेवारी त्यांनी द्यायची. २०१७ ला डोकलामच्या सीमावादाच्या वेळी ती आली नाही, २०१८ ला परत सुरू झाली. चीनकडं आपण आकडे मागतो, आणि बरोबरच मागतो. मग बेळगावकडं मागायला लाज कसली?

तर माझं मागणं असं आहे. दरवर्षी १ जूनपासून पाऊस संपेपर्यंत महाराष्ट्र आणि कर्नाटकची एकच पूर खोली असावी, दोन नको. एक वर्ष सांगलीत बसवा, एक वर्ष बेळगावला. दोन्हीकडचे इंजिनिअर चोवीस तास शेजारी-शेजारी बसलेले. कोयना, वारणा, राधानगरी, राजापूर बंधारा, हिप्परगी, अलमट्टी, सगळ्यांची पातळी, आवक आणि विसर्ग एकाच पाटीवर, तासातासाला, आणि तीच पाटी मोबाईलवर आम्हालाही दिसावी, मराठीत आणि कन्नडमध्ये. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप मोजणारी यंत्रणा आपल्याकडं आहेच, तिचा फायदा सीमेच्या पलीकडं का थांबावा? आणि आधीच लिहून ठेवलेला नियम हवा, की वर इतका पाऊस होणार असा अंदाज आला की अलमट्टीनं पाणी पोचायच्या आधी इतकी जागा करायची आणि आपणही कोयना-वारणेतनं पाणी आधीपासून थोडं थोडं सोडायचं, शेवटच्या दिवशी एकदम नाही. राधानगरीचे सात दरवाजे तर पाणी भरलं की आपोआप उघडतात, तिथं कुणाला फोन करूनही उपयोग नसतो, म्हणून तर बाकीच्यांचं गणित आधी बसलेलं पाहिजे. त्या खोलीत दोन्ही बाजूच्या नदीकाठच्या गावांची माणसंही बसवा. कुठली पायरी बुडाली की कुठल्या वस्तीचा रस्ता तुटतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

अलमट्टीच्या उंचीचा मुद्दा मी विसरलेले नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यात ती ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला कर्नाटकला मिळालेली परवानगी, त्याविरुद्ध तुम्ही कोर्टात जोरात भांडा, आमचं सगळं गाव तुमच्यामागं आहे, मोर्चाला मी स्वतः आले होते. पण त्या केसचा निकाल लागेपर्यंत किती पावसाळे जातील? एकीकडं केस चालू आणि दुसरीकडं रोजचे आकडे एका टेबलावर, हे एकाच वेळी चालू शकतं. फ्रेंच खाणींची केस कोर्टात चालू असतानाही ऱ्हाईनचा आयोग बसतच होता. काही जण मला म्हणाले की कर्नाटकशी असं सहकार्य केलं तर आपली केस लंगडी पडेल. मला उलट वाटतं, दोन पावसाळ्यांचे दोघांनी मिळून मोजलेले आकडे हातात असले तर फुगवटा येतो की नाही हे कोर्टालाही दिसेल आणि आम्हालाही. आणि आकड्यांनी आमचं म्हणणं चुकीचं ठरवलं तर मी तेही ऐकून घेईन, माझा गोठा त्या आकड्यांवरच बांधायचा आहे.

आक्का या वर्षी साठीची झाली. तिचे डोळे अधू झालेत, रात्री घाटावर जाऊन पायऱ्या मोजायला सून सोडत नाही तिला. पाऊस लागला की तरी तिचा फोन येतोच, "नीरु बंतु" म्हणते, पाणी आलं, मग मराठीत पुढचं सांगते. साहेब, मे महिना संपायच्या आत तुम्ही आणि कर्नाटकचे मंत्री एकदा नृसिंहवाडीला या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, जिथं पूर आला की दत्ताच्या देवळात पाणी शिरतं आणि दक्षिणद्वाराला अंघोळ करायला दोन्ही राज्यांतनं माणसं येतात, तिथंच बसून त्या खोलीच्या कागदावर सह्या करा. आक्काला घेऊन मी येते.

आपली,
शिरोळ तालुक्यातली एक दूध उत्पादक शेतकरी